चिखलणीस योग्य : होय

बैलाचे दात मोजता येतात एवढ्या एकाच कारणावरून माणसाला ट्रक निवडायला पाठवतात, हे मला कडावला बदली होईपर्यंत माहीत नव्हतं. मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर कर्जतला बसायचे आणि आठवड्यातून एकदा कडावला यायचे. उरलेले सहा दिवस लस टोचणं, खुरं साफ करणं आणि कुठली म्हैस का दूध देत नाही याबद्दल गंभीर चेहरा करून उभं राहणं, ही कामं माझी. गाव मला 'डाक्टर' म्हणायचं. सुरुवातीला मी दोनचारदा दुरुस्ती केली, मग सोडून दिली. आपण होऊन मिळालेला मान परत करण्याइतका मी थोर नव्हतो. आमची सौ. मात्र मला घरात कंपाउंडर म्हणायची, तेही पाहुण्यांसमोर.

ही चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली गोष्ट. कडावच्या दूध सोसायटीला कर्जतच्या संकलन केंद्राचं पत्र आलं. एक जानेवारीपासून दूध सकाळी साडेसहाच्या आत केंद्रावर पोचलं पाहिजे. पहिल्याच दिवशी ज्या गावाचं दूध उशिरा येईल, त्याचं नाव यादीतून कमी होईल. आता आमचं दूध जायचं मालोजीच्या बैलगाडीतून. म्हशी साडेचारच्या आधी पान्हा घालत नाहीत, गाडी पाचला निघायची आणि साडेसातला कर्जतला लागायची. बैलांना पत्र वाचून दाखवून उपयोग नव्हता.

सोसायटीची सभा बसली. पहिली उठली सोनाबाई. नवरा गेल्यापासून तिचं घर चार म्हशींवर चालत होतं, आणि तिच्या दोन मुली कर्जतच्या हायस्कुलात जात होत्या त्या या म्हशींच्या जिवावर. ती म्हणाली, "कर्जतनं दूध बंद केलं तर माज्या पोरींची शाळा बंद. मला भाषान नको. दूध येळेवर कसं जाईल त्ये सांगा."

अध्यक्ष आबाजी यांनी फेटा सारखा केला. आबाजी म्हणजे साठीचा, धिप्पाड, पंचक्रोशीत बैलांच्या पारखीसाठी नावाजलेला माणूस. ते म्हणाले, "आपून गाडी घेऊ. मोटार. पन तकलादू नको. सकाळी दूध नेईल, दुपारी भाताच्या गोनी वाहील, आनि मळनीचं मशीन या खळ्यावरनं त्या खळ्यावर वडत नेईल, अशी दणकट पायजेल."

"आणि ती निवडणार कोण?" मी विचारलं. हा प्रश्न विचारला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं.

"तुमी," आबाजी म्हणाले. "बैल वडतो, गाडी बी वडती. वडनाऱ्याची पारख तुमाला. मंग दुसऱ्या कुनाला धाडू?"

सभेने माना हलवल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी येऊन सौ.ला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्हाला सायकलच्या चाकात हवा आहे की नाही ते अजून कळत नाही." बायकांना सार्वजनिक कार्यातलं कळत नाही, असं त्या वेळी माझं मत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. पोस्टमनने सांगितलं, डिझेलचीच घ्या. शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलं, डिझेल सोडून काहीही घ्या. एक गृहस्थ लंगडणारी शेळी घेऊन दवाखान्यात आले, शेळी टेबलावर ठेवली आणि अर्धा तास मला टायरांविषयी सांगितलं. शेळीचं काय झालंय ते विचारायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, "तिचं ऱ्हाऊ द्या, आधी ऐका." ज्यांनी जन्मात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं ते लोक मला गिअर समजावून सांगत होते, आणि मीही मान डोलावत होतो, कारण गिअर म्हणजे काय हे विचारण्याची वेळ निघून गेली होती.

मी, आबाजी आणि मालोजी असे तिघे पाहणीला निघालो. मालोजीला घ्यायचं कारण त्याला वाईट वाटू नये. त्याला वाटत होतंच. कर्जतपर्यंत तो आमच्याकडे पाठ करून बसला.

कर्जतच्या एका गॅरेजात पहिली गाडी होती. नव्या निळ्या रंगाची. गॅरेजवाले उस्ताद भाईंनी बॉनेट उघडून दाखवलं. आबाजींनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते मागे गेले, गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि थोडा वेळ वाट पाहिली. गाडीने काही केलं नाही. मग खाली बसून त्यांनी पोटाखालून नजर टाकली. "पाठीत खोलगट हाय," ते मला म्हणाले. "काय डाक्टर?"

"किंचित," मी म्हणालो.

तरीही किंमत विचारावी म्हणून आबाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उस्तादांचा हात धरला आणि टॉवेलखाली त्यांची बोटं दाबायला सुरुवात केली. गुरांच्या बाजारात भाव असाच होतो. चार लोकांत तोंडाने आकडा बोलणं असभ्यपणाचं. उस्ताद भाई मूळचे भायखळ्याचे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ये क्या कर रहे हो, बाबा?" म्हणत त्यांनी हात ओढला, तो आबाजींनी जास्तच घट्ट धरला, कारण हात ओढणं म्हणजे भाव वाढवणं. अखेर आतून दोन पोरगे पाने घेऊन बाहेर आले, तेव्हा मी मध्ये पडलो. आबाजी बाहेर येऊन म्हणाले, "दलाली कळत नाय त्याला. असल्या मानसाचा माल घेऊ नये."

दुसरी गाडी पळसदरीला एका मुंबईकराच्या बंगल्यात होती. ती आम्ही पाहिलीच नाही. आमच्या पुढ्यात मांजर आडवी गेली आणि आबाजी फाटकातूनच मागे फिरले. मी विज्ञानाचा माणूस, पण अध्यक्षांपुढे मांजरीची बाजू कोण घेणार?

तिसरी खालापूरला. एका सरकारी कचेरीच्या आवारात आंब्याखाली लष्करातून निघालेली एक पिकअप गाडी उभी होती. हिरवी, रुंद छातीची, पुढे मनगटाएवढा आकडा, माणसाच्या कमरेइतकी चाकं. तिला पाहून आबाजींनी फेटा सारखा केला. मग ते सावकाश तिच्याभोवती फिरले. डावा दिवा फुटलेला होता. "काना हाय," ते म्हणाले, "पन काना बैल कामाला वाईट नसतो." चाकांवरून हात फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले होते. अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. मी बंपर ठोकला, टायर दाबून पाहिला, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले आणि म्हणालो, "हाडापेराने मजबूत आहे."

एवढ्यावर गाडी पसंत झाली. इंजिन चालू करून बघायचं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मालोजी तेवढा एकदाच बोलला, "खाती काय?" आबाजी तोवर कचेरीच्या पायऱ्या चढत होते.

आता कचेरी. तिथले हेडक्लार्क भाऊसाहेब सज्जन माणूस, पण नियमाबाहेर शिंकणारे नव्हेत. लिलावाशिवाय गाडी सोसायटीला द्यायची तर एकच योजना होती : 'शेतकी संस्थांस ओढकामाची जनावरे व साधने'. तिचा छापील फॉर्म फक्त जनावरांचा होता. साधनांचा फॉर्म छापून यायचा होता, तो गेली सहा वर्षं येत होता.

"मग?" मी विचारलं.

"हाच भरा. खाली पशुवैद्यकीय दाखला लागेल. तुम्ही त्याच खात्यातले, बरं झालं."

"भाऊसाहेब, हा ट्रक आहे."

"मला दिसतंय की. पण फॉर्मला दिसत नाही."

तीन खेपा झाल्या. कर्जतहून खोपोलीची गाडी, खोपोलीहून खालापूर, आणि प्रत्येक वेळी एक रकाना रिकामा निघायचा. वर्ण : हिरवा. वय, दातांवरून : इथे मी बराच विचार करून 'जुळलेला', म्हणजे सगळे दात आलेला, असं लिहिलं. शिंगे : नाहीत. बुळकांडीची लस टोचली आहे काय? मी 'लागू नाही' लिहिलं, ते भाऊसाहेबांनी परत पाठवलं; लागू नाही असं उत्तर फॉर्ममध्ये नव्हतं. शेवटी मी 'होय' लिहून माझ्या हाताने पितळी बिल्ला गाडीच्या आरशाला बांधला, कारण कान नव्हता. बसण्याची खोड आहे काय? नाही. शेवटचा रकाना : चिखलणीस योग्य आहे काय? चिखलणी म्हणजे भातासाठी खाचरातला चिखल तुडवणं. मी पेन थांबवलं.

"होय लिहा," भाऊसाहेब म्हणाले. "नाही लिहिलंत तर ओढकामाचं जनावरच ठरत नाही."

मी 'होय' लिहिलं. खाली सही केली, ग. शं. दळवी, आणि खात्याचा शिक्का मारला. वीस वर्षांच्या नोकरीत एका शेळीचासुद्धा खोटा दाखला दिला नव्हता. घरी येताना पळसदरीपर्यंत माझं डोकं दुखत होतं.

हे सगळं होता होता एकतीस डिसेंबर उजाडला. त्या दिवशी गाडी गावात आली. चालवायला पळसदरीचे सहदेव मिळाले होते. लष्करात ड्रायव्हर होते, निवृत्त झाले होते, मिशा अजून नोकरीत होत्या. त्यांनी गाडी सोसायटीसमोर उभी केली, बायकांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. सोनाबाईने गाडीला वरखाली न्याहाळलं आणि मला विचारलं, "डाक्टर, सकाळी उठंल ना ही?"

"उठेल," मी म्हणालो.

इथे सगळं थांबलं असतं तर दुसऱ्या दिवशी दूध निवांत कर्जतला गेलं असतं. पण आबाजींनी हात वर केला. कडावात नवा बैल चिखलातून एक फेरा काढल्याशिवाय दावणीला बांधत नाहीत. त्यांच्या आजोबांच्या काळापासूनचा रिवाज. कालव्याचं पाणी सुटलेलं होतं, आबाजींचं खाचर उन्हाळी भातासाठी तयार होतं. वीस गोणी भरा, एक फेरा काढा, मग गाडी सोसायटीची.

सहदेव गाडीतून खाली उतरले. "चिखलात नेऊ नका," ते म्हणाले. "पुढच्या चाकांना ओढ नाही हिच्या. लष्करानेच मधला दांडा काढून घेतलाय. फक्त मागची दोन ओढतात. रस्त्यावर हत्ती आहे. चिखलात बसेल."

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मला एवढंच म्हणायचं होतं, की सहदेव म्हणतात ते खरं आहे, मला गाडीतलं काही कळत नाही. साधं वाक्य. पण मालोजीने खिशातून दाखल्याची नक्कल काढली. आबाजींनी ती सोसायटीच्या फळ्यावर लावायला त्याच्याकडे दिली होती. हेडमास्तरांनी ती मोठ्याने वाचली. बसण्याची खोड : नाही. चिखलणीस योग्य : होय. खाली माझी सही आणि शिक्का.

"काय डाक्टर?" आबाजी म्हणाले.

"जाऊ द्या खाचरात," मी म्हणालो.

गाडी खाचरात शिरली, दहा पावलं चालली, घरघरली आणि बसली. मागची चाकं गरगर फिरायला लागली आणि चिखल उडून पहिला माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. सहदेवांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, एकदा माझ्याकडे बघून सलाम ठोकला आणि बांधावर जाऊन बिडी पेटवली. मालोजी महिन्याभरात पहिल्यांदा हसला. "बशा निघाला," तो म्हणाला. जुंपल्यावर मध्येच खाली बसणाऱ्या बैलाला आमच्याकडे बशा म्हणतात, आणि असा बैल विकणाऱ्याचं गावात नाव घेत नाहीत.

मग सल्ले. चाकाखाली पेंढा घाला. पेंढा घातला, तो गेला. फळ्या घाला. सोसायटीचा नवा बाक गेला. गोणी उतरवा, असं मी म्हणालो, तर म्हणाले वजन कमी केलं तर चाक पकड धरणार नाही. अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणीतरी तेच सुचवलं, तेव्हा सगळे म्हणाले हे आधी का नाही सुचलं. शेवटी बैल आणले. गावात होत्या त्या चारही जोड्या, मालोजीची धरून, एकापुढे एक जुंपल्या, आकड्याला दोर बांधला. ओढायला आणलेल्या गाडीला आठ बैल ओढत होते, आणि ते बघायला वाड्यांवरून लोक येत होते. आबाजी ओरडत होते, "हाना रं!" मी मागून ढकलत होतो. कुणी मला ढकलायला सांगितलं नव्हतं, पण उभं राहायला तोंड नव्हतं. दिवेलागणीपर्यंत दोनदा दोर तुटला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. तेवढ्यावर आबाजींनी तो दिवस संपवला.

मी घरी गेलो. सौ.ने पाणी तापवून ठेवलं होतं. ती काही म्हणाली नाही. इतकं वाईट मला तिच्या कुठल्याही बोलण्याने वाटलं नसतं.

पहाटे पाचला सोसायटीसमोर सगळा गाव दूध घेऊन उभा. मालोजीने आपली जुनी गाडी काढली होती. मी कंदील घेऊन बैलांपाशी गेलो आणि खांद्यावर हात ठेवला. बैलाने अंग चोरलं. वशिंडापुढचा भाग हाताला गरम लागला, सुजून भाकरीएवढा फुगलेला. दुसऱ्याचंही तेच. मी उरलेल्या तिन्ही जोड्या पाहून आलो. सगळ्यांचे खांदे आलेले.

"जुंपू नको," मी मालोजीला म्हणालो.

"जुपलं पायजे," आबाजी म्हणाले. "साडेसाला दूध नाय गेलं तर नाव जाईल. एक दिस वडतील."

"आज जू ठेवलं तर खांदा फुटेल. मग हे बैल दोन महिने उभे राहणार नाहीत. आबाजी, मी जुंपू देणार नाही." माझा आवाज एवढा वर चढला होता, की दवाखान्याच्या व्हरांड्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. "गाडीचं मी चुकलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, दाखला मी खोटा लिहिला. पण हे मला कळतं. जू खाली ठेव, मालोजी."

मालोजीने जू खाली ठेवलं. बायका दुधाच्या कासंड्या हातात घेऊन उभ्या होत्या. सोनाबाई तिच्या चार म्हशींचं दूध दोन मोठ्या कासंड्यांत घेऊन माझ्या पुढ्यात उभी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात समोर इंजिन सुरू झालं. मुक्कामाची यष्टी. रोज संध्याकाळी ती सोसायटीच्या दारासमोर येऊन थांबायची, रोज पावणेसहाला कर्जतला निघायची आणि सव्वासहाला पोचायची. महिनाभर आम्ही तिच्याच सावलीत बसून गाडी कुठली घ्यावी यावर वाद घालत होतो. तिच्या पायरीवर बसून मी फॉर्म भरला होता.

सोनाबाईने माझ्या हातात एक कासंडी दिली, दुसरी डोक्यावर घेतली आणि यष्टीत चढली. तिच्यामागे सगळ्या चढल्या. कंडक्टर चहा पिऊन आला तर गाडीत बावीस बायका, प्रत्येकीच्या मांडीवर दूध.

"बाई, ही प्रवासी गाडी आहे. दूध नेता येत नाही."

"मी परवासीच हाय," सोनाबाई म्हणाली. "माज्या मांडीवर काय हाय त्ये तू कशाला बगतोस रं? तिकीट फाड."

"सगळ्यांचं लगेज होईल."

"होऊ दे. पन आदी गाडी सोड. साडेसाला पोचली नाय, तर परतीला बी आमी बावीस जनी हीच घेऊन येनार हाव, आनि दूध तवा नासलेलं आसंल."

कंडक्टरने घंटा दिली. मी मागच्या बाकावर सोनाबाईची कासंडी कवटाळून बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला पेलाभर दूध माझ्या विजारीवर सांडत होतं आणि सोनाबाई मान वळवून बघत होती. आबाजी उभ्याने आले. वाटेत फटफटायला लागलं तेव्हा त्यांचं खाचर मागे पडलं होतं.

गाडीचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. आठ दिवसांनी पाण्याची पाळी संपली, चिखल वाळला, आणि सहदेवांनी ती एकट्याने हसत हसत बाहेर काढली. नंतर तिने कितीतरी वर्षं भाताच्या गोणी आणि मळणीचं मशीन वाहिलं. रस्त्यावर हत्ती होतीच ती.

तर, सहा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही केंद्राच्या दारात होतो. तिथल्या माणसाने घड्याळ पाहिलं, वहीत कडावपुढे वेळ लिहिली आणि पहिली कासंडी मापात ओतली. आबाजींची छाती लगेच फुगली. "बगितलंत?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडी घेतली नसती तर बैलं सुजली नसती. बैलं सुजली नसती तर यष्टी सुचली नसती. डाक्टरांची निवड चुकली न्हाय."

बायका स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहाला बसल्या. मी जरा लांब, कट्ट्यावर बसलो. विजारीला कालचा चिखल आणि आजचं दूध, अंगाला वास येत होता, आणि दाखल्याबद्दल डॉक्टरांना काय सांगावं याचा विचार करत होतो. सोनाबाई दोन कप घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी, मध्ये रिकामी कासंडी ठेवून, बसली.

"माजं शेराच्या वर दूध सांडलंत तुमी," ती म्हणाली.

"हो."

तिने चहाचा घोट घेतला. "काल रातभर तुमाला शिव्या घातल्या मी. पन सकाळी बैलं जुपू दिली नाय, त्ये बरं केलं. आबाजीच्या म्होरं आसं आजून कुनी बोललं नाय. डाक्टर, तुमाला गाडीतलं कळत नाय. जनावराचं कळतं. तर आता जनावराचंच बगा. माजी थोरली म्हस या आठवड्यात व्याईल."

महिनाभरात मला कडावात शंभराहून जास्त सल्ले मिळाले होते. त्यातला हा एकच मी ऐकला. चहा संपवला आणि तिला विचारलं, म्हशीची कास कधीपासून भरायला लागली.